काढलेला पार्ट

"गेम अडकतोय" हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा ऐकते, की आता ते मला ऐकूच येत नाही. शिरूरच्या एसटी स्टँडमागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पोरं तो काळा डबा लेकरासारखा छातीशी धरून आणतात, काउंटरवर ठेवतात आणि आजार सांगायच्या आधी औषध सांगतात. "ताई, ग्राफिक कार्ड बदलायला लागतंय." कोण म्हणालं? मित्र म्हणाला. मित्राला कोण म्हणालं? व्हिडिओत बघितलं. मी म्हणते, मग मित्राकडूनच बदलून घे. पोरं हसतात आणि डबा ठेवून जातात. माझ्या तोंडाची त्यांना सवय झाली आहे.

घाई नसेल तर हे काम सोपं असतं. गेममधलं चित्र हलतं असं आपल्याला वाटतं, पण ती एकामागून एक येणारी स्थिर चित्रंच असतात. सेकंदाला साठ आली तर डोळ्याला लोण्यासारखं वाटतं, तिसाच्या खाली गेली की गाडी दगडावरून चालल्यासारखी होते. मशीनमध्ये बरेच जण मिळून ती चित्रं तयार करत असतात आणि त्यांतला एक मागं पडला की बाकीचे नुसते उभे राहतात. पंगतीत भात, भाजी, पोळी वाढणारे कितीही चटपटीत असू देत, आमटीवाला मागं राहिला की सगळी पंगत आमटीसाठी थांबते. माझं काम म्हणजे आमटीवाला शोधणं. त्याच्याऐवजी भातवाल्याला बदलून काही उपयोग होत नाही, हे पोरांना पटवता पटवता माझा घसा बसतो.

शोधायची पद्धत मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलेली नाही. ती आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आप्पांनी जन्मभर कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांचे टँकर चालवले. घर दौंडला. मी लहान असताना सुट्टीत ते मला कधी कधी क्लीनर साइडला बसवून न्यायचे आणि गाडी बंद पडली की मिस्त्रीच्या शेजारी उकिडवं बसून मला सांगायचे, "येका टायमाला येकच पार्ट बदलायचा. चांगला पार्ट लावून बघायचा. गाडी नीट झाली, तर काढलेला पार्ट खराब. झाली न्हाई, तर त्यो बिचारा निर्दोष, त्याला परत बसवायचा." माझं सगळं दुकान या चार वाक्यांवर चालतं.

मागच्या वर्षी आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. वाचा परत आली, हात परत आला, पाय आला पण पूर्ण आला नाही. चालताना तो जरा मागून येतो, चिडलेल्या माणसासारखा. डॉक्टरांनी सांगितलं की आता जड वाहन विसरा. आप्पांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "त्येला गाडीतलं काय कळतंय?"

त्या दवाखान्याच्या बाकावर बसले असताना मला फार भीती वाटली होती, हे आठवतं. नंतर ती गेली आणि जाताना बाकीचंही घेऊन गेली. आप्पा बरे होऊन घरी आले तेव्हा आई रडली, शेजारीपाजारी रडले, मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडले. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दुःखही नव्हतं. मी शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं येत होते, औषधं देत होते, इनामगावचा फाटा मागं टाकून परत जात होते. कुणी विचारलं, कसे आहेत वडील, तर 'ठीक' म्हणत होते. तेवढंच.

घरी बसून आप्पांनी आईला सळो की पळो करून सोडलं. म्हणून दुकानात पडून असलेल्या सुट्या भागांचं मी त्यांना एक मशीन जोडून दिलं. एका गिऱ्हाइकानं प्लास्टिकचं स्टेअरिंग आणि पायातले पेडल टाकून दिले होते, ते लावले. ट्रक चालवायचा गेम टाकला आणि चित्रासाठी घरातला टीव्ही जोडला. पहिल्या दिवशी आप्पा म्हणाले, हे पोराबाळांचं हाय. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आंघोळ करून, शर्ट घालून, डोक्यावर टोपी ठेवून त्या खुर्चीत बसायला सुरुवात केली. आई म्हणायची, "ड्युटीला गेल्यात."

मला वाटलं होतं, चला, विरंगुळा झाला. तो विरंगुळा नव्हता, सराव होता, हे मला आईच्या फोनवरून कळलं.

आप्पांच्या ओळखीचा एक ठेकेदार होता. त्यानं कबूल केलं होतं की रस्त्यावर नाही, पण कंपनीच्या यार्डातल्या यार्डात टँकर लावायचं काम आहे, सोमवारी या, ट्रायल द्या, पाय चालत असला तर ठेवून घेतो. आप्पांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते घरी गेममध्ये गोडाऊनच्या फाटकापर्यंत टँकर न्यायचे आणि पिवळ्या पट्टीवर थांबवायचे. पुन्हा न्यायचे, पुन्हा थांबवायचे. पण गाडी पट्टीवर थांबत नव्हती, पुढं जाऊन फाटकाला लागत होती. आणि आप्पा म्हणत होते, मशीन अडकतंय.

"तू ये रविवारी," आई फोनवर म्हणाली. आवाज बारीक केला होता, म्हणजे आप्पा जवळच कुठं तरी असणार. "आन् मला खरं सांग. दोष मशीनचा हाय का ह्यांचा? मशीनचा आसंल तर जाऊ दे त्यांना. पन ह्यांचा आसंल तर... त्या गाड्यांत काय पानी आसतंय व्हय गं? अॅसिड आसतंय. म्होरं कुनाचं तरी पोरगं हुबं आसतंय."

"बघते," मी म्हणाले. गिऱ्हाइकाला म्हणते तसंच.

रविवारी सकाळी पोचले. दारात आप्पांच्या चपला नेहमीसारख्या अंगठे रस्त्याकडं करून ठेवलेल्या. ही त्यांची जन्माची सवय. केमिकलच्या यार्डात गाडी कधीही तोंड आत करून लावायची नाही. मागं घेत लावायची, पाठ भिंतीला आणि नाक फाटकाकडं, म्हणजे सायरन झाला तर वळवत बसायला नको, सरळ बाहेर. आप्पा मोटारसायकल तशी लावतात, चपला तशा काढतात. पाहुण्यांच्या चपलासुद्धा जाता येता पायानं वळवून ठेवतात, आणि निघताना पाहुण्यांना वाटतं की आपल्याला लवकर जा म्हणून सुचवताहेत.

"आलीस? बस," आप्पा म्हणाले. "चा घे. मग बघ ह्येचं काय दुखनं हाय ते."

मी चहा घेतला नाही. टीव्हीच्या कोपऱ्यात आकडे दिसतील अशी सोय केली: सेकंदाला किती चित्रं, कुठला भाग किती काम करतोय, किती तापलाय. आप्पांना डॅशबोर्ड दिसला की बरं वाटतं. त्यांनी विचारलं, "ह्यो मोठा आकडा कशाचा?" मी म्हणाले, साठ असला की गाडी चांगली. त्यांनी टोपी सारखी केली आणि गिअर टाकला.

सुरुवातीला साठच होता. आप्पा मन लावून चालवत होते, ओठ मिटून, मधूनच आरशात बघत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात लाटणं तसंच. थोड्या वेळानं आकडा चाळिसावर आला, मग तिसावर, मग त्याच्याही खाली. चित्र धक्के खायला लागलं. फाटक आलं, एकदम जवळ आलं, आणि टँकर त्यावर आदळला.

"बगितलंस?" आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले. इतके खूश मी त्यांना आजारपणानंतर पाहिले नव्हते. "म्हनत व्हतो ना मी? अडकतंय!"

अडकत होतं, खरंच. मी चित्राची बारकाई कमी करून बघितली. चित्र काढणारं ग्राफिक कार्ड दमलं असतं तर ओझं उतरवल्यावर आकडा वर चढला असता. चढला नाही. म्हणजे ते निर्दोष. मग प्रोसेसरचा आकडा बघितला. तो नव्वदीच्या पुढं तापला होता आणि जळू नये म्हणून आपणहून हळू चालत होता. मी डब्याला हात लावायला खाली वाकले आणि डबा जागेवर दिसेना. मी तो टेबलावर ठेवून गेले होते. आप्पांनी तो शोकेसच्या खालच्या खणात ढकलला होता. पाठ भिंतीला घट्ट टेकवून, नाक बाहेर करून, यार्डात टँकर लावतात तसा. गरम हवा फेकणारा पंखा पाठीमागं असतो. बिचारा सगळी हवा भिंतीवर फेकत होता आणि तीच परत ओढून घेत होता.

"आप्पा, हा इथं कुणी पार्क केला?"

"मीच. नाक भाईर पायजे."

"सायरन झाल्यावर ह्याला पळायचं नाहीये."

आई फस्सकन हसली. आप्पाही हसले. मीही हसल्यासारखं केलं. डबा बाहेर ओढला, उघडला. अंगणात नेऊन ब्लोअर मारला तेव्हा त्यातून साखर कारखान्याच्या धुराड्याची काजळी निघाली, आमच्याकडं गळिताच्या हंगामात ती वाळत घातलेल्या कपड्यांवरही येते. प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडली, नवी लावली. आप्पा शेजारी उकिडवं बसायला गेले, पायानं ऐकलं नाही, म्हणून उंबऱ्यावर बसले आणि मी स्क्रू मागायच्या आत स्क्रू देत राहिले. फार चांगली सकाळ होती ती. मला ती चांगली आहे हे कळत होतं. वाटत मात्र काही नव्हतं.

डबा टेबलावर मोकळा ठेवला. चालू केलं. साठ. आप्पांनी अर्धं गाव ओलांडलं, घाट उतरले, पूल पार केला. साठ. तापमान बेताचं. दुकानात असते तर मी इथं गिऱ्हाइकाला फोन लावला असता की घेऊन जा.

फाटक आलं. पिवळी पट्टी आली. टँकर पट्टी ओलांडून फाटकाला लागला.

आप्पांनी कोपऱ्यातल्या आकड्याकडं बघितलं. मी घाईनं म्हणाले, "टीव्ही. टीव्हीचं काय असतं आप्पा, तो चित्र सजवून दाखवतो, त्यात वेळ जातो. मागून दाखवतो." हे खोटं नव्हतं. मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती सजावट बंद केली. पुन्हा फेरी. पुन्हा फाटक. मग मी पेडल तपासले. ते फरशीवर सरकत होते, खाली गोणपाट टाकलं. पेडलचा सुरुवातीचा अर्धा दाब वाया जात होता, तो वाया जाणारा भाग सेटिंगमध्ये कमी केला. दर वेळी वाटलं की आता सापडला आमटीवाला. दर वेळी टँकर फाटकाला लागला, आधीपेक्षा थोडा कमी, पण लागला. आकडा साठच्या साठ.

आईनं आत कुकर लावला. शिट्ट्या मोजायच्या निमित्तानं ती आतच राहिली.

आता दुकानाची पद्धत. सगळं तपासून झालं आणि दोष हाताला लागत नसला, की एक चांगला पार्ट लावून बघायचा. माझा हात हे आपोआप करतो, मला विचारत नाही. मी म्हणाले, "आप्पा, उठा जरा."

ते उठले. मी त्यांच्या खुर्चीत बसले. मला टँकर चालवता येत नाही. स्कूटर चालवते, तीही आप्पांच्या मते बैलगाडीसारखी. मी गाडी रडतखडत नेली, वळणावर कठड्याला घासली, फाटक दिसलं, पट्टी दिसली, ब्रेक दाबला. टँकर पट्टीवर थांबला. मागंपुढं काही नाही, बरोबर पट्टीवर.

मला अजून कळलं नव्हतं. खरं सांगते, मला क्षणभर बरं वाटलं होतं, मशीन दुरुस्त झाल्यावर वाटतं तसं. मी "झालं" म्हणत वळले आणि आप्पांचा चेहरा बघितला.

ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. रागावलेले नव्हते. मिस्त्रीशेजारी बसून बघायचे तसे बघत होते.

"गाडी नीट झाली," ते म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यातल्या आकड्याकडं बोट दाखवलं.

"म्हंजी काढलेला पार्ट खराब."

"आप्पा, तसं नसतं. तुम्ही आणखी सराव केला की..."

"मीच शिकवलंय तुला," ते म्हणाले. "मला नको शिकवू."

डॉक्टरांचं त्यांनी ऐकलं नव्हतं. आईचं नाही, माझं नाही. गाडीचं मात्र ते जन्मभर ऐकत आले होते आणि आता गाडीनंच सांगितलं होतं. आणि ते सांगायला मीच ती साफसूफ करून दिली होती. मला वाटतं या जागी कुणालाही काही तरी व्हायला हवं. छातीत, घशात, कुठं तरी. मी स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते आणि माझ्या मनात येत होतं की पेडलखालचं गोणपाट नीट चिकटवायला हवं.

आप्पांनी फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला.

"हां, मीच. सोमवारचं न्हाई जमायचं. दुसरा मानूस बगा." पलीकडून काही तरी विचारलं असावं. "न्हाई, घरचं कुनी आडवलं न्हाई. मीच बगितलं चालवून. पाय मागं राहतोय." मग बराच वेळ ऐकत राहिले. "व्हय. व्हय. तुमी बोलावलंत, लई झालं."

फोन खिशात टाकला. आई दारात आली होती. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ती पदर तोंडाला लावून उभी होती. आप्पा तिला म्हणाले, "भाकरी टाक. हिला जायचंय लांब." ती आत गेली.

मी खुर्चीतून उठायला लागले. "बसा आप्पा."

"ऱ्हाऊ दे. बस तूच." त्यांनी भिंतीकडची लाकडी खुर्ची ओढली, पाय ओढत आणली आणि माझ्या डाव्या हाताला लावली. क्लीनर साइडला. टोपी काढून मांडीवर ठेवली. "वळनावर घासतीस तू. चल, घे गाडी. मी सांगतो तसं कर."

मी गाडी घेतली. ते सांगत गेले. गिअर उतरव. आरसा बघ. कड सोड जरा. लहानपणी मी बसायचे त्या जागेवर ते बसले होते आणि मी त्यांच्या. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, मी वाटही बघत होते त्याची.

फाटक आलं. पट्टी दिसली. आप्पा सांगतील म्हणून मी ब्रेक न दाबता वाट बघितली. पट्टी चाकाखाली गेली, मग ते म्हणाले, "दाब." मी दाबला. टँकर फाटकाला लागला.

फक्त पायच मागं नव्हता, हे आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं असावं.

"माझी वाट बगू नको," ते म्हणाले. "तुला दिसलं की दाब. व्हय का?"

"हो."

"मागं घे. परत."

मी मागं घेतली. परत आणली. कोपऱ्यात साठ. फाटक आलं, पट्टी आली, मला दिसली. मी ब्रेक दाबला. टँकर पट्टीवर थांबला, इंजिन गुरगुरत राहिलं, फाटक समोर तसंच बंद.

मग माझ्या शेजारून, अगदी ठाम आवाजात, आप्पा म्हणाले, "दाब."